सोळा अंशांवर अडलेली बिअर

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाच्या घशावर रेडिएशन सुरू झालं. त्या दिवशी बिअर तयार नव्हती.

उपचारात जिभेची चव जाईल, ती कधी परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दारू बंद. पण त्याआधी दोन दाढा काढून जखम भरू द्यायची होती, म्हणून महिनाभर हातात होता. तेवढ्यात एखादा ग्लास चालेल का, असं भावाने विचारलं. "एकच," डॉक्टर म्हणाले. त्याला बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर हवी होती. कधीतरी एकदा प्यायलेली, धने आणि संत्र्याच्या सालीची.

मी हौसेने घरी बिअर करतो. लोकवन गहू गिरणीतून भरडून आणला. बिअर आंबवणाऱ्या यीस्टची दोन पाकिटं होती, जर्मन आणि बेल्जियन. जर्मन यीस्टने केळ्याचा वास येतो. तो भावाला आवडत नाही. बेल्जियन ठरलं. पाकिटावर अठरा ते चोवीस अंश तापमान लिहिलं होतं. मी बावीस म्हणालो, म्हणजे लवंगेसारखा वास चांगला उतरतो आणि काम दहा दिवसांत संपतं.

भाऊ निवृत्तीपर्यंत वाइनरीच्या तळघरात होता. पांढरी वाइन थंडच आंबवायची, ही त्याची शिस्त.

"उबेत ठेवलं की वास उडून जातो," तो म्हणाला. "मागच्या गार न्हाणीत ठेव."

"दादा, ही वाइन नाही."

"तू बातम्या लिही. टाक्या मी धुतल्यात जन्मभर."

"हे म्हणतात ते लिहून ठेवा भाऊजी, नंतर दुरुस्ती छापावी लागेल," वहिनी म्हणाली. दादा हसला. मी बिअर आंबवायची बादली न्हाणीत ठेवली.

थंडी कडक होती. बादलीवरची तापमानाची पट्टी सोळाच्या वर गेली नाही. बाराव्या दिवशी मोजलं तर निम्मी साखर तशीच होती. यीस्ट गारठून काम थांबवून तळाशी बसलं होतं. बादली स्वयंपाकघरात आणून गोधडीत गुंडाळली. दोन दिवसांनी पुन्हा बुडबुडे आले. बाटल्या भरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाचं पहिलं रेडिएशन होतं. बाटलीत फेसापुरता गॅस धरायला अजून दोन आठवडे लागणार होते.

फेब्रुवारीत बाटली उघडली. मी प्यायलो, तो समोर बसला होता.

"लवंग?"

"नाही."

"संत्रं?"

"थोडं."

"वाइनसारखी झाली असेल," तो म्हणाला. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि परत दिला.

उपचार मार्चमध्ये संपले. आता जुलै आहे. त्याला मीठ कळतं. बाकी चव अजून आलेली नाही.