ऐकणाऱ्याकडे बघायचं

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर माझी ख्याती फारशी चांगली नाही. नवा सिनेमा आला किंवा नवी मालिका सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं मत तिथे टाकते, आणि ते मत काही एका ओळीत मावत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा म्हणाल्या, "अहो, तुमचं वाचून होईपर्यंत माझा अख्खा सिनेमा बघून होतो." मी ते कौतुक आहे असं धरून चालले.

मतं तशी साधीच आहेत. ज्या ओट्यावर फोडणीचा एक डाग नाही, त्या ओट्याशी उभ्या असलेल्या सासूचं रडणं मला पटत नाही. नथ घालून झोपलेली सून दिसली की मी मोठ्याने विचारते, हिला कूस तरी बदलता येते का? कुणी एक बातमी सांगितली की सात जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात आणि मागे काहीतरी धाडधाड वाजतं, तेव्हा तर माझा संतापच होतो. तरी मी बघणं सोडलेलं नाही. कारण एवढ्या खोट्या पसाऱ्यात कुणीतरी एक जण इमानाने काम करत असतो. तो सापडला की परगावच्या स्टँडवर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होतो मला.

असा माणूस कसा शोधायचा ते मला माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते येवल्याला पैठणी विणतात. पंचाहत्तरी उलटली तरी रोज मागावर बसतात. आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा तो मागाच्या समोरच्या भिंतीशी ठेवला, कारण दिवसभर आबा तिथेच असायचे. पण विणणाऱ्याचे डोळे काठावर आणि पदरातल्या मोरावर हवेत. त्यामुळे आबा टीव्ही ऐकायचे. मधूनच एखादा क्षण मान वर करायचे, बघायचे आणि पुन्हा खाली.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. एका मालिकेत नायिका आपल्या बापाला खूप काही सुनावत होती आणि मी फ्रॉकला डोळे पुसत होते. आबांनी मान वर केली.

"ती बोलती तिच्याकडं काय बघायचं? तिचं तर कानानं ऐकू येतंय. तिच्या बापाकडं बघ."

मी बघितलं. बाप झालेला नट नुसता उभा होता.

"रॉकेलच्या रांगेत उभा हाय तो," आबा म्हणाले. "आपला नंबर कवा लागतो याची वाट बघतोय. पोरगी काय बोलली ते त्याच्या कानावर सुद्धा गेलं नाय."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. त्या दिवसापासून माझी नजर जी बिघडली, ती बिघडलीच. बोलणारा माणूस चांगला दिसणारच. वाक्यं त्याची, उजेड त्याच्यावर. खरं कसब असतं ते ऐकणाऱ्याचं. समोरच्याचं वाक्य आपण आत्ता पहिल्यांदाच ऐकतोय, पुढे काय येणार ते आपल्याला ठाऊक नाही, हे दाखवणं महाकठीण. आबा म्हणायचे, पैठणी उलटी करून बघायची असते. सुलटीकडून काय, सगळीच लुगडी छान दिसतात.

या एका कसोटीने मी किती माणसांना जीव लावला! मालिकांमध्ये कायम खाष्ट आत्याबाई होणारी एक नटी आहे. मालिका टुकार असतात, तिला दिलेली वाक्यं त्याहून टुकार. पण दुसरं कुणी बोलत असताना तिच्याकडे बघा. एखादा टोमणा लागला तर तो आधी गिळते, मग पदर सावरते, आणि त्यानंतर तिच्या डोळ्यांत डाव शिजायला लागतो. आबा तिच्यावर बेहद्द खूश. "ही बाई पगाराचं काम करत नाय," असं म्हणतात.

आणि एक सिनेमा. तो नाशिकला चारच दिवस टिकला. मी हट्टाने आबांना येवल्याहून बोलावून घेतलं होतं. त्यात एक म्हातारी फोनवर मुलाशी बोलत असते. मुलगा दिवाळीला येणार नसतो. म्हातारी "बरं बरं, कामं असतात बाबा" असं म्हणत राहते. मागे तिचा नवरा मोसंबी सोलत बसलेला आहे. तो एकदाही वर बघत नाही. फक्त एका वाक्याला त्याचा अंगठा सालीत थांबतो. मग पुन्हा सोलायला लागतो, आणि सगळ्या फोडी बायकोच्या बशीत ठेवतो. थिएटरमध्ये आम्ही बारा-पंधरा माणसं होतो. आबा एवढ्या मोठ्याने "वा!" म्हणाले की पुढच्या रांगेतलं जोडपं दचकून मागे वळलं. त्या नटाचं नाव पाट्यांमध्ये शेवटून तिसरं की चौथं होतं. आम्ही दिवे लागेपर्यंत थांबून ते वाचलं.

हे सगळं इतकं कळत असून मी घरच्या वेळी काय केलं, ते आता सांगते.

माझ्या मुलीला नाटकाचं वेड. कॉलेजात असताना एकांकिकांत तिने बक्षिसं मिळवली. मग शहराबाहेरच्या एका बंगल्यात शूटिंग चालणाऱ्या मालिकेत तिला काम मिळालं. पेढे वाटले आम्ही. काम होतं नायिकेच्या घरातल्या कामवाल्या मुलीचं. तीन महिने झाले तरी तिची वाक्यं दोनच, "हो ताई" आणि "आले ताई." बाकी वेळ ती मागे ट्रे घेऊन उभी, नाहीतर टेबल पुसत असलेली.

माझा नवरा रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर मोबाइल घेऊन बसायचा आणि ती दिसली की फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचा. त्यात कधी तिचा अर्धा कान यायचा, कधी नुसता ट्रे. नातेवाईक विचारायचे, "अगं, यात कुठंय ती?" हळूहळू ती त्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. एके दिवशी तिने जाहीर केलं, अंबडच्या एका कंपनीत ऑफिसची नोकरी मिळतेय, सोमवारपर्यंत कळवायचंय, बहुतेक हो म्हणणार. मालिका सोडणार.

खरं तर त्या वेळी तिला दोन चांगले शब्द हवे होते. पण माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "बरोबरच आहे. मागे ट्रे धरून उभं राहायला नाटकं कशाला शिकायला हवीत?"

ती उठून चहाचे कप विसळायला गेली. मला वाटलं, पटलं असेल.

त्याच आठवड्यात आबा आमच्याकडे आले. त्यांची कवळी करायची होती. पंचवटीतल्या दाताच्या डॉक्टरने चार खेपा सांगितल्या होत्या. उरलेसुरले दात काढून झाल्यामुळे ते मऊ भातावर होते आणि मोजकंच बोलत होते. मुलीने आम्हाला आधीच बजावलं होतं, "आबांना मालिकेचं सांगायचं नाही. मोठं काम मिळालं असतं तर सांगितलं असतं." म्हणून आबा आल्यापासून साडेसातला आम्ही बातम्या लावत होतो. आबा मुकाट्याने बातम्या बघत होते.

शनिवारी सातच्या पुढे त्यांनी रिमोट हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडे दिला. "ते लाव ना साडेसातचं. माझे चार दिवस बुडाले."

"कोणतं आबा?" मी साळसूदपणे विचारलं.

"आपली पोरगी हाय ते."

माझी मुलगी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. ती तशीच दारात येऊन उभी राहिली. "आबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तिकडं घरी पहिल्या दिवशीच दिसली. ती मोठी बाई बोलत व्हती, म्हणून मी मागं बघितलं, तर तू."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठं बोलले? म्हटलं, पोरीला सांगायचं आसंल तवा सांगंल."

तिचा चेहरा पडला होता. आबांचं मत म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं मत. तिने आजवर कितीतरी नटांचा निकाल त्यांच्या तोंडून ऐकला होता. रॉकेलची रांग तिलाही माहीत होती. हात कोरडे असूनही ते ओढणीला पुसत ती म्हणाली, "आबा, मी सोडतेय ते. उगाच मागे उभं राहायचं काम आहे."

आबांनी हिरड्या चोळल्या. मग म्हणाले, "ते बांगडी चोरल्याचं झालं ना, सासू त्या पोरीला नाय नाय ते बोलली. तू पाण्याचा पेला घेऊन उभी व्हती. सगळं ऐकून झाल्यावर तू पेला तसाच माघारी नेला. ते तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"कुणीच नाही. मला वाटलं, आता पाणी कोण पिणार?"

"तेच म्हणतो मी. लय खरं व्हतं ते. मी माग थांबवून बसलो."

आबा माग थांबवत नाहीत. घरी पाहुणे आले तरी विणता विणता बोलतात. माझ्या मुलीला हे माहीत होतं. तिचे डोळे चमकले, पण आबांचं बोलणं संपलं नव्हतं.

"फोनचं मात्र चुकलं तुझं."

"कोणत्या फोनचं?"

"त्या बाईच्या भावाला अपघात झाला, त्याचा फोन येतो. तू बाजूला टेबल पुसती. फोन तिच्या कानाला हाय. पलीकडचा काय बोलतोय ते तुला ऐकू येतंय का?"

"नाही."

"मग तुझे डोळे आधीच कशानं भरले? गोष्ट तुला माहीत व्हती, पोरी. त्या टेबल पुसणारीला कुठं माहीत व्हती?"

 मी मधे पडले. "आबा, दिग्दर्शकाने सांगितलं असेल तसं!"

"सांगितलं आसंल. डोळे तर हिचे हायेत."

तिने मोबाइल आणला, तो भाग शोधून काढला आणि आबांच्या शेजारी सोफ्यावर बसून लावला. मेथी तशीच पडली. दोघांनी तो तुकडा तीनदा बघितला. तिसऱ्या वेळी तीच ओरडली, "इथे! आबा, इथे! ती अजून हॅलोच म्हणतेय आणि मी रडायला सुरुवात केलीय!" आपली चूक सापडल्याचा इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं काम हे काम समजून बघितलं होतं.

मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आई, तुला दिसलं होतं हे?"

त्या फोनच्या प्रसंगावर मी ग्रुपवर चांगला मोठा परिच्छेद लिहिला होता. आमची लेक एका अश्रूत सगळं सांगून गेली वगैरे. तो तिने वाचला होता. आता खोटं बोलायला जागा नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "मी तू दिसतेस की नाही तेवढंच बघत होते गं. तू काय करतेस ते एकदाही बघितलं नाही. आणि वर ते ट्रेचं तुला बोलले. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. रागाने नाही, आबांच्या सुरात. मग तिने मोबाइल पुन्हा पहिल्यापासून लावला.

रविवारी तिने कुणालाच फोन केला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही तिघांनी मिळून तिचे जुने भाग बघितले. मी जन्मात इतक्या लक्षपूर्वक काही बघितलं नसेल. ती काही ठिकाणी उत्तम होती, काही ठिकाणी नुसतीच उभी होती. दोन्ही मी तिला सांगितलं, आणि दोन्ही तिने लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी सहाला खाली मालिकेची गाडी येऊन उभी राहिली. मुलगी दारात वाकून सँडलचा पट्टा लावत होती. अंबडच्या कंपनीला नाही म्हणून कळवलंय, हे तिने मला डबा घेता घेता सांगितलं. इतकं सहज, की मीही नुसतं "बरं" म्हणाले. आतून आबा काठी टेकत आले.

"पोरी," ते म्हणाले, "आधीच कळून घेऊ नको. कळायला थोडा येळ लागू दे."

बोलत आबा होते, म्हणून मी मुलीकडे बघत होते. तिचा हात पट्ट्यावर थांबला. तिला वाक्य ऐकू आलं, मग कळलं, आणि मग ती हसली. अगदी त्याच क्रमाने.