सुपारी फुटायच्या आधी

तव्यावरची नाचणीची भाकरी उलटायला सकूने चिमटा उचलला आणि दाराची कडी वाजली. माहेरी, सापगावात कुणी कडी वाजवत नसे. सगळे हाक मारतच आत येत. म्हणजे सासरची माणसं. भाकरी तव्यावरच करपली.

दारात मुरबाडकडचे पंच, लखमाबाबा. मागे कुंपणाशी तिचा नवरा धाऊ पागोटं सावरत उभा, जणू काही वाट चुकून आला असावा.

"समेटाला आलोय रे कोंडू," लखमाबाबा ओटीवर टेकले. "बहिणीला नांदायला धाड."

कोंडूने लगबगीने घोंगडी अंथरली. सकू दाराआड उभी राहिली. अशा बैठकीत बाईमाणसाची जागा तीच.

ही तिसरी खेप. अडतीस साली ती पहिल्यांदा सासर सोडून आली, तेव्हा वेगळी चूल द्यायचं ठरलं होतं. पंचांनी सुपारी फोडून समेट पक्का केला, ती गेली. सासूने गोठ्यात तीन दगड मांडून दिले. तांदळाची कणगी मात्र आपल्याच खोलीत ठेवली. पुढच्या खेपेला कोंडूने कणगीचंही बोलून घेतलं. कणगी मिळाली. रिकामी. गाऱ्हाणं नेलं तर लखमाबाबा म्हणाले, "सुपारी फुटली ना? मंग आता परत काय गो?"

समेट म्हणजे सासऱ्याला वाटे, सून वाकली. धाऊला वाटे, भाकरीची सोय झाली. कोंडूची माया होती, पण त्यालाही वाटे, घरातलं एक ताट उठलं. सकूने दोन्ही वेळा मान तुकवली होती ती अटीवर. मान तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली.

"चूल येगळी, कणगी भरलेली..." कोंडू आठवून आठवून बोलत होता. "आन काय गो सकू?"

"तिला काय इचारतोस? तू हायस ना!" लखमाबाबा हसले आणि त्यांनी अडकित्ता उघडला.

सकूच्या हातात अजून चिमटा होता. ती तशीच ओटीवर आली. कुंपणाशी धाऊने मान खाली घातली.

"आत जा गो!" कोंडू ओरडला.

"जाते. नांदायला पन जाते," ती लखमाबाबांना म्हणाली. "तेवढं, सुपारी फोडायच्या आधी माजी अट मला माज्या तोंडानं सांगू द्या."