ताईला न सांगितलेलं ऑपरेशन

माझ्या मोठ्या बहिणीचं पोट वाढत होतं आणि भर लग्नात मी त्यावर विनोद केला. पुलगावच्या मंगल कार्यालयात तिला पंगतीत खाली बसता येईना, तेव्हा मी म्हणालो, "काय वं ताई, या वयात गोड बातमी हाय का?" सगळे हसले. तीही हसली. त्याआधी दोनदा तिनं फोनवर सांगितलं होतं, "दोन घास खाल्ले का पोट गच्च होते रे." मी शाळेत विज्ञान शिकवतो. आजारपणात नातेवाईक मला विचारतात आणि मीही ठामपणे सांगतो. तिला मी ओवा खायला सांगितला होता.

ताई नाचणगावला राहते. भाऊजी गेल्यापासून वावर तीच बघते. मुलगी अमरावतीला दिलेली. पुलगावच्या त्या लग्नाला चार महिने झाले आणि तिच्या परकराची नाडी पुरेना, तेव्हा कुठे मी तिला बोरगावला माझ्याकडे आणलं, स्कॅन केलं. अपेंडिक्समधून निघालेला कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता. सगळ्या पोटात जेलीसारखं चिकट पाणी साचलं होतं.

नागपूरच्या सर्जन बाईंनी मला एकट्याला आधी बोलावलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. पोट उभं उघडायचं, रोग बसलेलं अस्तर सोलायचं, लागलं तर आतड्याचा तुकडा आणि गर्भाशयही काढायचं. मग गरम केलेलं केमोचं औषध दीडेक तास पोटात फिरवायचं, डोळ्यांना न दिसणारं उरलंसुरलं मारायला. दहा-बारा तास लागतील. जिवाला धोका आहे, पण या प्रकारात चांगला गुण येतो.

"त्यांना हे सगळं कळायला हवं," बाई म्हणाल्या. "मी बोलते."

"मी सांगतो मॅडम. ती माझंच ऐकते."

ताई बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणे डॉक्टरीन?"

"पोटात गाठ हाय. काढा लागते."

"बस?"

"बस."

ती घाबरेल म्हणून मी लपवलं, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नव्हतं. कॅन्सर म्हटलं की ती विचारणार होती, किती दिवसांपासून आहे? आणि त्याचं उत्तर मला तिच्याकडे बघून देता आलं नसतं. भाचीलाही मी फोनवर म्हणालो, "लहानसं ऑपरेशन हाय, पोराची परीक्षा सोडून येऊ नको."

संमतीच्या कागदावर सही करताना बाईंनी तिला विचारलं, "भावानं सगळं समजावलं ना?"

"हो, त्यानं सांगतलं न," ताई म्हणाली, अगदी विश्वासानं. कागद मराठीत होता. तिचा चष्मा माझ्या हातातल्या पिशवीत होता. तिनं एकदा पिशवीकडे पाहिलं. मी चष्मा काढला नाही. सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

ऑपरेशन अकरा तास चाललं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, दिसणारं सगळं निघालं. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. बाजूच्या माणसाला वाटलं, बहिणीवर किती माया आहे याची.

सहाव्या दिवशी ड्रेसिंग करताना एक शिकाऊ डॉक्टर सहज म्हणाला, "मावशी, केमोचं गरम औषध दिल्यावर एवढ्या लवकर कोणी बसत नाही." तो गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"केमो तं कॅन्सरले देतेत ना?"

मी मान हलवली.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

मी म्हणालो, तू घाबरली असतीस. तिथेही मला खरं बोलता आलं नाही.

"घाबरली असती. मंग? नाई म्हणली असती का मी?" तिचा श्वास लागत होता. "माहीत असतं तं पोरीले बलावलं असतं. दोन दिस जवळ बसवलं असतं. मेली असती तं तिनं कोणाले विचारलं असतं?"

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. टाक्यांमुळे तेही तिला नीट जमलं नाही. मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

भाची दुसऱ्या दिवशी आली. माझ्याशी ती आजही कामापुरतंच बोलते.

याला आता तीन वर्षं झाली. ताई बरी आहे, वावरात जाते, सणाला मला जेवायला बोलावते, आग्रहानं वाढते. दर सहा महिन्यांनी तपासणीला मीच तिला गाडीतून नागपूरला नेतो. पहिल्या खेपेला नाव पुकारलं तसा मी फाइल घेऊन उठलो. तिनं माझ्या हातातून फाइल घेतली.

"तू भाईर बस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी विचारतो काय विचाराचं ते."

तेव्हापासून मी बाहेरच बसतो. आत काय बोलणं झालं, ते ती परतीच्या वाटेवर सांगते, तिला वाटलं तर आणि वाटेल तेवढंच. मी विचारत नाही.