तीन बोटांची मूठ

रघू गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मी एका माणसाला बडवत असताना ती माझ्या कानावर पडली. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. दर रविवारसारखा डिचोलीहून स्कूटर काढून मी धारगळला त्याच्याकडे निघालो होतो, आणि हायवेवर त्याच्या घराच्या अलीकडेच गर्दी दिसली. कडेला रघूची मोटरसायकल दुमडून पडलेली. नंबर ओळखला आणि माझं डोकंच फिरलं. गर्दीच्या मधोमध एक टेंपोवाला उभा होता, शर्ट आणि दोन्ही हात रक्ताने माखलेले, आणि चारपाच जण त्याला धरून कुटत होते. मीही घुसलो. डाव्या हाताने कॉलर पकडली, उजव्याने जबड्यावर दोन ठेवून दिल्या. त्याचा दात माझ्या मुठीला लागला. तिसरा ठोसा उगारला तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "काका, मी त्येंका उचलून सावलेत ठेवलंय. ठोकणारो पळान गेलो…" आणि त्याच वेळी मागून कुणीतरी म्हणालं, संपलो रे तो. माझा हात खाली आला. पण मारलेले दोन ठोसे काही परत घेता येत नाहीत.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. रघूबद्दल लिही म्हणून ओळखीचे लोक सांगतात, आणि मी लिहायला बसलो की आधी तो टेंपोवाला समोर येतो. म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

रघू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमच्या घराण्यात सोनंनाणं कधी कुणी ठेवून गेलं नाही, राग मात्र प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर आला. रघूच्या वाट्याला जरा जास्तच. त्याने उमेदीची सगळी वर्षं डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवला. ओव्हरटेक करणाऱ्याला पुढच्या वळणावर अडवून खाली खेचणं ही त्याची रोजची बात. मी डिचोलीच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. पेडण्याच्या पठारावर आम्हा दोघांची काजूची जमीन शेजारी शेजारी, मधे एक मेर, म्हणजे हद्दीचा बांध, आणि मेरेवर आजोबांनी रोवलेला दगड. दगडाला लागून एक थोरला काजू होता. झाड कुणाचंही असो, बोंडू, म्हणजे काजूचं फळ, ज्याच्या बाजूला पडेल त्याचा, अशी आमच्याकडची रीत. त्या रीतीवरून दोन पिढ्यांनी नुसत्या शिव्या दिल्या, हात कुणी उचलला नव्हता.

मग विमानतळाच्या रस्त्याची मोजणी आली. मोजणीवाल्यांनी आपली खुंटी मारायला आमचा दगड उपटला, आणि जाताना तो काजूच्या पलीकडे, रघूच्या अंगाला रोवून गेले. थोरलं झाड आपोआप माझ्या बाजूला आलं. मी तेव्हा डिचोलीत, मला याचा पत्ता नाही. काजूचा हंगाम होता, सकाळी टोपली घेऊन मी बोंडू गोळा करायला वाकलो आणि रघू कोयता घेऊन आला. विचारपूस नाही, काही नाही. "मेर सरकवतंस?" एवढंच म्हणाला आणि कोयता उगारला. तो मानेवर येत होता. मी डावा हात वर केला म्हणून आज हे लिहायला आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून खाली पडलं, आणि खाली सगळी लाल बोंडवं… बोटं कुठली ते चटकन दिसलंसुद्धा नाही. मी बोंबललो. रघूने कोयता फेकला, खांद्यावरचा टॉवेल माझ्या हाताला आवळला, मला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि हॉर्न न सोडता इस्पितळात नेलं. एका हाताने माझं मनगट वर धरलेलं, दुसऱ्या हाताने स्टेअरिंग, आणि वाटभर मलाच आईबहिणीवरून शिव्या.

आठव्या दिवशी मोजणीतल्याच एका माणसाने खरं काय ते गावात सांगितलं. रघूच्या कानावरही गेलं. मी वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, मी खूप वाट पाहिली. मला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता, 'चुकलं'. तो आला नाही. पोलीस झाले, कोर्टाच्या तारखा झाल्या. शेवटी आईने पाय धरले म्हणून मी केस सोडली, पण त्याला सोडलं नाही. बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नाच्या पंगतीत तो दिसला की मी पान टाकून उठत असे, आणि खिशात स्क्रूड्रायव्हर असला की हात आपोआप तिकडे जाई. पुढे ती जमीन, तो दगड, तो काजू, सगळं रस्त्याखाली गेलं. भांडायला मेर उरली नाही, भांडण तेवढं उरलं.

खाणी बंद पडल्या तसा रघू घरी बसला, आणि त्याच्या कौलांवरून विमानं जाऊ लागली. सुनंदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगते, सुरुवातीला तो अंगणात उभा राहून विमानांना धोंडे मारायचा. एक धोंडा शेजाऱ्याच्या कौलावर पडला, मग मारामारी झाली, मग टाके. शेवटी त्याच्या मडगावच्या मुलीने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात विमान चालवायचा सिम्युलेटर, दांडा-मुठीसकट, घालून दिला. पप्पांनी खुर्चीत बसून काय ती आदळआपट करावी, असा तिचा हेतू. पप्पांनी तो तंतोतंत पाळला. पहिले दोन महिने रघू विमान उतरवायला शिकलाच नाही, आपटायला शिकला. रोज संध्याकाळी आमच्या काजूवरून जाणाऱ्या त्या रस्त्याच्या टोकाला, धावपट्टीवर, नाक खाली घालून विमान आपटायचं, आग बघायची आणि चहा मागायचा. मग एक दिवस, कसं कोण जाणे, ते नीट उतरलं. त्या दिवशी तो चहा विसरला, म्हणते वहिनी.

मग त्याला ढगांतून उडायची हौस आली. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या रेडिओच्या सुईवर विमान न्यायचं. तिथे त्याची गाडी अडली आणि त्याने रागाने हेडफोनची वायर तोडली. तो हेडफोन घेऊन वहिनी माझ्या दुकानात आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "भावजी, रेडिओतलं तुमकांच कळता. येवा एकदा. नायतर तो घर जाळतलो." मी हेडफोन जोडला आणि पुढच्या रविवारी गेलो. मनात काय होतं सांगू? त्याला चार शब्द सुनवायचे आणि हात उचलला तर या वेळी आपण आधी मारायचं, असं ठरवून गेलो होतो. रघू खुर्चीतून उठला, बाजूला झाला आणि म्हणाला, "बस." बारा वर्षांनंतरचा पहिला शब्द तो. मी बसलो. उजवीकडे विमान वळवायचा दांडा, डावीकडे इंजिनाचा जोर वाढवायची मूठ. डाव्या हातात मला धड कप धरता येत नाही, पण ती लाकडी मूठ हातात बसली. बरी बसली, एवढंच वाटलं तेव्हा.

रेडिओ मला कळतो, विमान कळत नव्हतं. त्याचं उलटं. तेव्हा दोघेही नवशिकेच. जमिनीवर एक केंद्र असतं, ते चहूबाजूंना रेषा सोडतं, चाकाच्या आऱ्यांसारख्या, तीनशे साठ. आपण त्या केंद्राचा आकडा रेडिओवर लावायचा, बटण फिरवत राहायचं, सुई मध्यावर आली की आपण कुठल्या आऱ्यावर आहोत ते कळतं. शेजारी एक खूण दिसते, केंद्राकडे की केंद्रापासून. ती खूण न बघता मी अर्धा तास बरोब्बर उलटा गेलो आणि अरबी समुद्रात पेट्रोल संपवलं. सुई सरकली की मी तिच्यामागे विमान वळवायचो, ती दुसरीकडे सरकायची, मी पुन्हा वळवायचो. रघू मानगुटीला धरून ओरडायचा, सुई म्हणजे काय पळालेलं रेडकू आहे, धाव धाव धावतोस? रेषा कुठे आहे तेवढंच ती सांगते, तुझं तोंड कुठे आहे ते तिला काय माहीत! मीही गप्प बसणारा नव्हे. एकदा मी कीबोर्ड त्याच्या डोक्यात घातला, त्याच्या भुवईला खोक पडली. वहिनीने दोघांना अंगणात हाकललं. त्याने भुवईवर हळद दाबली आणि आम्ही परत येऊन बसलो.

एक रविवार मात्र विसरता येत नाही. ढग दाट होते, मी आकडा लावला, सुई मध्यावर आली, खूण 'केंद्राकडे'. मी खुशीत निघालो आणि दहा मिनिटांनी सरळ डोंगरात शिरलो. एक आकडा चुकला होता. सुई जिवंत होती, पण दुसऱ्याच केंद्राची. प्रत्येक केंद्र आपली ओळख सांगत असतं, टी टीऽ टी अशी तुटक बारीक शिटी, ती हेडफोनमध्ये ऐकून पडताळायची आणि मगच सुईवर विश्वास टाकायचा. मी ती ऐकलीच नव्हती. रघूने टेबलावर अशी मूठ हाणली की वरची काच तडकली. "वळख आयकलंस? सुई हालता म्हणान इस्वास ठेवतंस? आधी वळख आयक रे! न आयकता माणूस…" आणि तो थांबला. काचेने त्याच्या हातातून रक्त येत होतं. तो माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. मी वाट पाहिली… पुन्हा एकदा पाहिली. तो उठला आणि मागल्या दारी जाऊन हात धुवू लागला. त्या दिवशी मला त्याचा गळा दाबावासा वाटला. एक शब्द, एवढा मोठा ट्रक हाकणाऱ्या माणसाला एक शब्द जड जातो?

त्यानंतर मला आकडा लावताना बघितलं की तो हेडफोन माझ्या कानांवर स्वतः चढवायचा आणि शिटी पुरती ऐकेपर्यंत मला मुठीला हात लावू द्यायचा नाही. चारेक महिने असे गेले, आणि मग तो हायवेवरचा रविवार.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, कॉम्प्युटर मुलीकडे पाठवते, तुम्हाला काही हवं तर घ्या. मी ती इंजिनाची मूठ मागितली, उगाच, हाताला सवय झाली म्हणून. आणि म्हटलं, रघूच्या हातालाही बरी बसत असेल ना? वहिनी म्हणाली, त्याला कसली बसते, त्याच्या तळव्याला फोड यायचे. कॉम्प्युटर घरात आला त्याच आठवड्यात कारखान्यातून आलेली मूठ उपटून त्याने ही घडवली. कानशीने घासायचा, दोन बोटं दुमडून धरून बघायचा, परत घासायचा. कुणासाठी म्हणून वहिनीने विचारलं तर तिच्यावर खेकसला, म्हणाला, "येतलो तो. आज ना फाल्यां येतलो." लाकूड कुठलं म्हणून मी विचारलं. रस्त्यासाठी मेरेवरचं झाड पाडलं त्या दिवशी त्याने काजूची एक फांदी आणली होती, माडीवर पडून होती. ती.

मी तिथेच रडलो. राग आला म्हणून रडलो. अरे मेल्या, एवढं लाकूड घासलंस, त्यापेक्षा डिचोलीला येऊन एक शब्द बोलायचा होतास! आणि रडता रडताच ध्यानात आलं की त्या टेंपोवाल्याकडे मीही गेलो नव्हतो. जबड्याला पट्टी बांधलेली असताना तो बाराव्याला येऊन लांब उभा राहिला होता, आणि मी मागच्या दाराने निघून गेलो होतो. दोन वेळा मी त्याच्या गावच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. रघूला जे जमलं नाही ते मलाही जमत नव्हतं. मला तर लाकूडही घडवता येत नाही.

गेल्या गुरुवारी गेलो. दोडामार्गाकडे घर आहे त्याचं. त्याने दार उघडलं, अजून जेवताना एका बाजूने चावतो म्हणे. मला बघून त्याचा हात आधी तोंडापाशी गेला. मी म्हटलं, "मी रघूचो भाव. तुका मारलो तो मीच. न इचारता मारलंय. माझां चुकलां." त्याने दार लावलं नाही. मग आत बघून त्याने बायकोला पाणी आणायला सांगितलं.

कॉम्प्युटर वहिनीने अजून पाठवला नाही, रविवारी मी धारगळला जातो. काच तडकलेली तशीच आहे. आकडा लावतो, हेडफोन चढवतो, शिटी पुरती दोनदा ऐकतो. हात मांडीवरच ठेवतो तोवर, नाहीतर तो ओरडेल असं वाटतं. मग डावा हात त्या मुठीवर ठेवतो आणि ती पुढे ढकलतो.