तातेरावांची बारव आणि एक पोतं पावडर

डोंगरकडा गावच्या तातेरावांना शेतीतलं कळत नव्हतं असं नाही, पण शेतीबद्दल त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही. त्यांना विचारायचे ते पाण्याबद्दल. गावाबाहेर, केळीच्या बागांच्या अलीकडे दगडी पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. तिचं पाणी कुणी पीत नाही, त्याला गावात नळ आहे. ही बारव पोहण्याची. आणि तिथं पोहायला शिकवणं हे तातेरावांचं काम. नेमणूक कुणी केली नव्हती. आधी त्यांचे वडील शिकवायचे, वडलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर हे शिकवू लागले, आणि मधे चाळीस उन्हाळे कसे निघून गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्यांची रीत साधी होती. शिकणाऱ्याच्या पाठीला वाळलेल्या पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे हलक्या लाकडाचा ओंडका, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक तातेरावांच्या मनगटाला. पहिल्या दिवशी नारळ आणायचा, बाकी फी काही नाही. फी म्हणून आठवडाभर शिव्या खायच्या. मग एक दिवस बिंडा सुटायचा, पुढं दोर सुटायचा, आणि पोरगं गावभर सांगत फिरायचं की मला पोहता येतं. तातेराव मात्र ते मानत नसत. बुडी मारून तळ गाठायचा, तळाचा मूठभर गाळ वर आणायचा आणि त्याचा टिळा मास्तरांच्या कपाळाला लावायचा, तेव्हा कुठं शिक्षण पुरं. त्या दिवशी तातेराव स्वतःच्या पदरचे गूळ-फुटाणे वाटायचे. टिळा न लावताच नोकरीला लागलेला एक जण पुढं मोठा साहेब होऊन गावात आला, तर तातेरावांनी चारचौघांत त्याला विचारलं होतं, "तुझा गाळ कधी आणतूस?"

नव्वदच्या दशकात गावातली पोरं पुण्याला, नांदेडला पांगली आणि उन्हाळ्यात आपापली लेकरं घेऊन परत यायला लागली. लेकरांनी शहरात जाऊन बारवेच्या गोष्टी सांगितल्या, मग त्यांचे दोस्तही येऊ लागले. पुढं पुढं तर जवळच्या तांड्यावरचा हिरासिंग दर रविवारी कळमनुरीहून जीप भरून माणसं आणायचा. तहसीलमधले कारकून, दवाखान्यातले कंपाउंडर, पोट सुटलेले मास्तर, सगळे चड्डीवर एका रांगेत उभे. तातेराव कुणाचाही हुद्दा विचारत नसत, फक्त वजन विचारायचे, बिंडा केवढा लागेल ते ठरवायला. त्यांची बायको आशाबाई घरून धपाटे आणि ठेचा पाठवायची. बारवेच्या काठावर जत्रा भरल्यासारखं वाटायचं आणि तातेरावांच्या मिशीला आपोआप पीळ चढायचा.

माणूस चांगला, पण एक खोड मोठी. चूक झाली हे शब्द त्यांच्या तोंडून आशाबाईनं चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही ऐकले नव्हते. बैल चुकायचा, पाऊस चुकायचा, पंचांग चुकायचं. तातेराव कधी चुकायचे नाहीत.

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात सार्स नावाचा ताप पेपरात आला. आधी तो परदेशात होता तोवर पारावर सगळे त्याच्याबद्दल चवीनं बोलत. मग पुण्यात संशयित सापडल्याची बातमी आली आणि पाराची पाचावर धारण बसली. गावातल्या अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी पुण्यात. पाहुण्यांना चहा द्यायचा तर कप वेगळा ठेवायचा का, यावर बायकांत वाद झाले. कुणीतरी म्हणालं, हा रोग पाण्यातनं पसरतो. कुठून कळलं ते कुणी विचारलं नाही. पहिल्या रविवारी हिरासिंगच्या जीपमधून चौघं आले, दुसऱ्या रविवारी जीप रिकामीच आली. हिरासिंगनं ओशाळून सांगितलं की कळमनुरीची माणसं म्हणतात, तिथं पुण्याची लेकरं पोहतात, आमाला नको. आणि पुण्याची लेकरं तर आलीच नव्हती. त्यांच्या आया म्हणत होत्या, नाना तऱ्हेची माणसं त्या पाण्यात उतरतात, यंदा नको. दोन्हीकडून भीती, आणि मधे बारव रिकामी. तातेराव सकाळी जाऊन पायरीवर बसायचे, दोराचं वेटोळं करायचे, सोडायचे, परत करायचे.

त्यांना खरा घोर होता तो नातीचा. लेक संगिता पुण्याला भोसरीत राहायची. तिची शिवकन्या बारा वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात तिचा दोर सुटला होता, यंदा गाळ आणायचा होता. पुढच्या वर्षापासून सुट्टीत शिकवण्या लागणार, येणं होईल न होईल. म्हणजे यंदा राहिलं ते राहिलंच. त्यांच्या स्वतःच्या घरातलं लेकरू बिनटिळ्याचं राहणार, ही गोष्ट तातेरावांच्या घशाखाली उतरेना. संगिताचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, पोरगी ठणठणीत आहे, रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलंय, पण गावातले काय म्हणतील? तातेराव म्हणाले, गावाला मी बघतो, तू पोरगी पाठव.

गावाला बघायचं म्हणजे पाणी शुद्ध असल्याची खात्री पटवायची. तातेरावांनी उपाय शोधला. पंचायतीच्या खोलीत नळाच्या पाण्यात टाकायच्या पावडरीची पोती होती, तीच ती झोंबऱ्या वासाची पांढरी पावडर. नळवाल्यानं त्यांना किती टाकायची ते बरोबर सांगितलं होतं. पण तातेराव कापसावर फवारणी करतानाही डब्यावर लिहिलंय त्याच्या दुप्पट औषध घालणारे. कमी औषधानं किडा नुसता गुंगतो, अशी त्यांची ठाम समजूत. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, त्यांनी आख्खं पोतं बारवेत रिकामं केलं. हात धुतले आणि समाधानानं घरी येऊन झोपले.

संध्याकाळच्या एसटीनं शिवकन्या आली. पिशवी आजीच्या हातात टाकून ती तडक बारवेवर पळाली, पाण्यात पाय सोडून बसली, आणि वासानं तिला एकामागून एक सात-आठ शिंका आल्या. नेमकी त्याच वेळी शेजारची मिराबाई शेतातून परतत होती. पुण्याची पोरगी, पाय पाण्यात आणि शिंका. मिराबाईनं काय ते ओळखलं आणि पदर तोंडाला लावून गाव गाठलं.

सकाळी बारवेतल्या झाडून सगळ्या मासोळ्या पांढरं पोट वर करून तरंगत होत्या.

काठावर गाव जमलं, पण लांब, नाकाला रुमाल लावून. पाण्याला कसला तरी उग्र वास येतोय म्हणे, रोगाचाच असणार. मिराबाई शिंका मोजून सांगत होती. तिनं आपल्या लेकीला दंडाला धरून मागं ओढलं. पोरीला आजच्या आज परत पाठवा, बारवेवर पत्रा ठोका, असं दोन-चार जण बोलायला लागले. बारवेवरून परतणाऱ्यांच्या तोंडून शिवकन्या घराच्या दारात उभी राहून ते ऐकत होती. ती रडली नाही. फक्त आजीला म्हणाली, "आजी, मी काहीच केलं न्हाई. मी नुसते पाय बुडवले."

तातेराव घरात खाटेवर बसून होते. आशाबाई त्यांच्या लुंगीकडे बघत होती. निळ्या लुंगीवर गुडघ्यापासून खाली रंग उडालेले पांढरे ठिपकेच ठिपके पडले होते.

"काहून बसून राहिले?" ती म्हणाली. "जा. लुंगी बदलू नका, तशीच घालून जा. अन् लेकराला संगं न्या."

तातेराव उठले. इतका लांब रस्ता त्यांना बारवेचा कधी वाटला नव्हता. नातीचा हात धरून ते माणसांच्या मधे जाऊन उभे राहिले. आता ते काहीतरी ठसक्यात सुनावणार म्हणून लोक वाट बघत होते. त्यांनी लुंगीचा सोगा धरून सगळ्यांना दाखवला.

"पोरीला बोल लावू नका. पाण्यात पावडर मी टाकली. आख्खं पोतं टाकलं. मासे मी मारले." मग घसा साफ करून म्हणाले, "चूक माझी हाय."

मासे मेल्याचं आश्चर्य कधीच मागं पडलं, तातेरावांची चूक झाली हे जास्त मोठं आश्चर्य होतं. हिरासिंगला पहिल्यांदा हसू फुटलं, मग एकेक करत सगळं गाव हसायला लागलं. इतका वेळ नाकाला धरलेले रुमाल लोकांनी डोळे पुसायला वापरले. मिराबाई मात्र हसली नाही, ती खाली मान घालून घरी गेली.

दोन मोटारी लावून बारव उपसायला घेतली. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेली एक गंमत झाली. जसजसं पाणी खाली गेलं, तसतशा आजवर कुणी न पाहिलेल्या पायऱ्या दिसायला लागल्या, दगडात कोरलेले हत्ती दिसायला लागले. तळाशी तांबे, चष्मे, एक दातांची कवळी आणि कुण्या काळची घंटा सापडली. ज्यांनी बुडी मारून गाळ आणला होता त्यांनीसुद्धा तळ डोळ्यांनी असा बघितला नव्हता. शेवटच्या डबक्यात म्हातारा मरळ मासा जिवंत निघाला. पोरं त्याला मामलेदार म्हणायची. त्याला आशाबाईच्या गोठ्याजवळच्या हौदात मुक्कामाला ठेवलं. ही बातमी कळमनुरीला पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी हिरासिंगच्या जीपच्या टपावरही माणसं होती. कवळी कुणाची, हे बघायला म्हणे. सार्सचं नाव कुणी काढलं नाही. बारव बघून झाल्यावर सगळे हौदावर जात आणि मामलेदाराला बघून धपाटे खात. तातेरावांना येणारा-जाणारा विचारायचा, मास्तर, यंदा डोस किती ठेवायचा? त्यांनाही हसू यायचं. एकदा चूक कबूल केल्यावर छाती हलकी होते हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं, आणि ते त्यांनी आशाबाईला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, लवकर कळलं.

शिवकन्या रोज जाऊन पाणी कितीवर आलं ते बघायची. तळापर्यंत पायऱ्या उतरून चालत जा आणि आण गाळ, असं कुणीतरी तिला गमतीनं सुचवलं. तिनं आजोबांकडे पाहिलं, आबांनी नकाराची मान हलवली, विषय संपला. जवळून गेलेल्या कालव्यामुळे झऱ्यांना जोर होता. जून लागला तोवर तीन पुरुष पाणी चढलं, निवळशंख. मामलेदार परत आपल्या जागी गेला. शिवकन्येची पुण्याची गाडी सोमवारी होती, आणि रविवारी सकाळी ती वरच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली.

काठावर उभं राहायला जागा नव्हती. तातेरावांच्या मनगटाला दोर नव्हता, तरी त्यांनी मूठ आवळून धरली होती. तिनं उडी मारली, वर आली, श्वास भरला आणि पाय वर करून बुडाली. तातेराव मनातल्या मनात अंक म्हणत होते. पंचविसाला त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसाला पाणी हललं आणि आधी वर आली ती मूठ.

ती धापा टाकत पायऱ्या चढून आली आणि मूठ तिनं आधी त्यांच्या नाकाशी धरली.

"वास घ्या आबा. पावडरीचा येतो का?"

"न्हाई," तातेराव म्हणाले. थंडगार गाळाचा टिळा कपाळावर बसला आणि डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

शिवकन्येच्या मुठीत अजून गाळ उरला होता. तो धुवायला ती पाण्याकडे वळली तर समोर मिराबाई उभी. महिनाभर ती या घराच्या दारावरून मान खाली घालून जायची. तिनं लेकीला पुढं करून आधी तिच्या कपाळाला टिळा लावून घेतला आणि मग स्वतःचा पदर डोक्यावरून जरा मागं सारला.

"माय, मला बी लाव," ती म्हणाली, आणि पुण्याच्या त्या पोरीपुढं वाकली.