नकोकाका

कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं, की काकांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "नको". काय घ्यायचं आहे हे समोरच्याने अजून सांगितलेलंही नसायचं. त्यामुळे उज्जैनच्या माधव नगरातल्या आम्हा मराठी घरांत त्यांचं आडनाव मागे पडलं आणि ते नकोकाका झाले. टावर चौकातले दुकानदार सगळे हिंदी बोलणारे, पण हा एक मराठी शब्द त्यांनाही पाठ झाला होता. काकांची स्कूटर दुकानापुढे थांबली की आतून आवाज यायचा, "लो, नको साहब आ गए. महंगा वाला अंदर रख दो."

काका मूळचे साताऱ्याकडचे. बँकेच्या बदलीवर उज्जैनला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा ते बसवून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं, तेव्हापासून हा नाद लागला. जुन्या वळणाची माणसं कपाटाची किल्ली जानव्याला बांधतात. काका जानव्याला पेनड्राइव्ह बांधत. एकदा आंघोळीला बसताना तो काढायचा राहिला. काकूंनी हाक मारून आठवण केली तोवर दोन तांबे अंगावर पडले होते. काकांनी तो पेनड्राइव्ह गच्चीवर पापडांशेजारी उन्हात वाळवला. पुढे तो चालला, तर म्हणाले, "बघा, विधिवत मुंज झाली त्याची."

"नको"च्या पाठोपाठ प्रश्न यायचा, "करणार काय?" आणि उत्तर नुसतं ऐकून त्यांचं समाधान होत नसे. आमच्या गल्लीतल्या वकिलांना दुकानदाराने एक भलंमोठं यंत्र पसंत करून दिलं होतं. काका एक अख्खी दुपार वकिलांच्या ऑफिसात पेपर वाचत बसले आणि निघताना म्हणाले, "वकीलसाहेब, दोन अर्ज टाइप केलेत आणि बाकी वेळ पत्ते खेळलात. एवढ्याला ग्राफिक कार्ड नको. साधं यंत्र घ्या, मेमरी थोडी वाढवा आणि उरलेल्या पैशात बरी खुर्ची घ्या. पाठ काही अपग्रेड होत नाही."

"काका, ते पत्त्यांचं बाहेर बोलू नका," वकील म्हणाले.

काटकसर हा त्यांचा स्वभाव होता, पण तिला एक कुंपण होतं. दुकानदार नव्या यंत्रात चोरीची सॉफ्टवेअर फुकट भरून देत आणि वर उपकार केल्यासारखं सांगत. काका ती समोर उभं राहून काढायला लावत. "अरे साहब, सब चलता है," असं दुकानदार म्हणाला की काकांचं उत्तर ठरलेलं, "खोटी सही भी चलती है भैया, पकडी जाने तक." मग घरी येऊन ते लिहिण्याचं, हिशेबाचं, फोटोंचं, सगळं फुकट मिळणारं आणि सरळ मार्गाने मिळणारं सॉफ्टवेअर स्वतः बसवून देत. फुकटाचं चालेल, चोरीचं नको, हा त्यांच्याकडचा नियम होता. त्याला अपवाद मी पाहिला नाही.

आमच्या घराशी त्यांचा खरा संबंध आला तो बाबांच्या डोळ्यांमुळे. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर सकाळी दोन वर्तमानपत्रं आणि दिवसभर पुस्तक, एवढंच त्यांना हवं असे. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही धूसर होत गेलं. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी मला आणि आईला सांगितलं होतं. आम्ही बाबांना सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त अक्षरं मोठी करत होतो. मोठ्या टाइपाची पुस्तकं, मग भिंग, मग जास्त उजेडाचा दिवा. माझ्या भावाने बंगळुरूहून फोन करून सांगितलं, की बाबांसाठी मोठ्यात मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घे, पैसे मी पाठवतो. म्हणून मी काकांना घरी बोलावलं.

त्यांनी सवयीप्रमाणे बाबांना काम करायला लावलं. वर्तमानपत्र हातात देऊन म्हणाले, "सर, मथळा वाचा." बाबांनी कागद डोळ्यांपाशी नेला, तिरका धरला आणि शेवटी खाली ठेवला.

काका माझ्याकडे वळले. "मोठा पडदा नको. ज्यांना दिसत नाही त्यांना एवढी काच कशाला?"

आईचा हात चहाच्या ट्रेवरच राहिला. मला काकांचा राग आला. आणि मग बाबा हसले. पुष्कळ महिन्यांनी हसले.

"चला, कोणीतरी बोललं एकदाचं," ते म्हणाले. "या दोघी मला रोज जास्त वॅटचा दिवा लावताहेत. मी म्हटलं, यांना वाईट नको वाटायला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" आईने विचारलं.

"अगं, डोळे माझेच आहेत ना."

काकांनी या बोलण्यात भाग घेतला नाही. त्यांनी थेट विचारलं, "सर, करणार काय?"

"वाचायचं आहे," बाबा म्हणाले. "आणि कोणाकडून वाचून घ्यायचं नाही. ही कॉलेजातून दमून येते आणि मला अग्रलेख वाचून दाखवते. मला ते सहन होत नाही."

मग आम्ही खरेदीला गेलो. एका ऑफिसातून निघालेला वापरलेला कॉम्प्युटर काकांनी निवडला. पडदा त्याच्याबरोबर जुनाच आला. दुकानदाराने नवी मॉडेलं दाखवली, त्यांना "नको". पण डिस्क नवी आणि वेगवान घेतली. "बोलणारं यंत्र अडखळलं की ऐकणारा वैतागतो." वीज गेल्यावर सांभाळायला यूपीएस घेतला. "दिवे गेले की तुम्हाला कळतं. सरांचं यंत्र नुसतं गप्प होईल, ते वाट बघत बसतील." आणि कीबोर्ड तर त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला मागितला. दुकानदार थक्क झाला. "नको साहब, आज तबीयत ठीक है?" काका म्हणाले, "जिथे हात लागणार तिथे कंजुषी नाही करायची, भैया."

पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. घरी आल्यावर काकांनी आईकडून एक टिकली मागून घेतली आणि ज्या कळेने वाचन थांबतं तिच्यावर चिकटवली. "सर, बडबड नकोशी झाली की ही दाबा. घरात अशी कळ दुसऱ्या कोणाला नसते." आई हसली, पण टिकल्यांचं पाकीट मात्र तिने लगेच उचलून ठेवलं.

अडचण आली ती आवाजाची. तेव्हा जो बरा आवाज मिळाला तो हिंदी होता. त्याने मराठी अग्रलेख वाचायला सुरुवात केली आणि बाबांनी कपाळाला हात लावला. "हा तर देवास गेटच्या बसस्टँडवरून इंदूरची बस सुटल्याचं सांगतोय."

"सर, आपण तरी कोणतं मराठी बोलतो?" काका म्हणाले. "काल तुम्हीच मला म्हणालात, गाडी जरा साइडला लगवून द्या."

आठवडाभरात तो आवाज आमच्या घरातलाच झाला.

शिकवायला काका रोज सकाळी फिरून झाल्यावर येत. आल्या आल्या पडदा बंद करत. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चालू ठेवला तर तुम्ही मागून बघणार आणि मदत करणार. मग सर शिकायचे नाहीत." एकदा बाबा एका ओळीसाठी बराच वेळ चाचपडत होते. मला राहवलं नाही, मी पुढे झाले. काकांनी माझ्याकडे न बघता हात आडवा धरला. बाबांना ती ओळ सापडली. त्या पावसाळ्यात त्यांनी पहिलं अख्खं पुस्तक एकट्याने वाचलं. मला ते त्यांनी वाचून झाल्यावर सांगितलं.

काका आजारी पडले तेव्हा बाबा मला घेऊन त्यांना भेटायला गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगत होता, की आता तब्येत बरी दिसते. बाबा पलंगाशेजारी बसले तसे काका म्हणाले, "सर, तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगतो. फार वाळलोय मी."

बाबांनी चाचपत त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "हो," ते म्हणाले. "वाळलात खरे. आवाज मात्र तोच आहे." काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

काही महिन्यांनी काकू आमच्याकडे आल्या. मुलगा परदेशात. तो नवा लॅपटॉप पाठवतो म्हणत होता. काकांच्या जुन्या यंत्राचं काय करावं, हे विचारायला त्या आल्या होत्या. त्यांनी ते कधी चालवलं नव्हतं.

बाबांनी खुर्ची त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळवली. "वहिनी, करणार काय?"

काकू म्हणाल्या, "नातीला पत्र लिहायचंय. मराठीत. हे होते तेव्हा मी सांगायची आणि हे टाइप करायचे."

"मग नवं नको. त्यांचंच चालेल. उद्या सकाळी शिकायला या."

काकू आल्या. बाबांनी त्यांना आपल्या कीबोर्डपुढे बसवलं आणि हाताने चाचपून पडदा बंद केला. एकेक कळ दाबली की देवास गेटचा तो आवाज अक्षर सांगायचा. कळांवर छापलेली अक्षरं इंग्रजी, त्यामुळे नातीच्या नावातलं एक अक्षर काकूंना काही केल्या सापडेना. बोटं वरच्या ओळीतून खाली, खालून वर फिरत राहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दारात उभी होते. मी एक पाऊल पुढे टाकलं असेल नसेल, बाबांनी मान न वळवता हात आडवा धरला.

"तू नको," ते म्हणाले.