मामाचं खोकं आणि लाखांदूरची सभा

आमच्या मामाइतका त्रासदायक कलावंत अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझी जाहीर मागणी आहे. मामा लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांचं हे वाद्य असं, की वाजलं तरी कुणाला कळत नाही. टाळ्या गाणाऱ्याला, शिट्ट्या नाचणाऱ्याला. मामाची इच्छा एकच होती, मामीनं एकदा म्हणावं, "ऐकलं तुमचं." मामी म्हणायची, "तुमी वाजवता का नुसतेच उभे रायता?"

आता ऐकू जात नसेल तर माणूस आवाजाचं बटण पिळेल. मामा नाही! बटणाला हात लावणं त्याला बेइमानी वाटे. तो स्पीकरचं कपाटाएवढं खोकं सरकवायचा. भिंतीला टेकवलं की सूर फुगतो, कोपऱ्यात कोंबलं की आणखी फुगतो, विटांवर चढवलं की पोट आत घेतो, अशी त्याची संहिता होती. तिच्यापायी घरातली धानाची कोठी अंगणात आली आणि खाट चुलीजवळ गेली. खोकं घुमलं की फळीवरची पितळी भांडी थरथरत, गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, पाणी हलत राही. मामी कावून ओरडे आणि हा गृहस्थ खूश होऊन विचारी, "कोणतं भांडं वाजलं वं?"

लाखांदूरला कालव्याच्या पाण्यासाठी आमच्या संघटनेची सभा होती. शेतकरी एसटीनं येणार आणि दुपारच्याच गाडीनं परतणार, म्हणजे मिनिटा-मिनिटाची किंमत. गर्दी धरायला आधी गाणी हवीत म्हणून संघटनेनं मामाला बोलावलं, माझा विरोध डावलून! मामीही आली. बायांना प्यायला पाण्याचा गुंड घेऊन ती पार मागे, शाळेच्या भिंतीशी बसली. मामानं तिला पाहिलं आणि खोक्याचा प्रवास सुरू झाला. आधी पुढे, मग तिरपं, मग विटांवर.

"मामा, लोक पाण्यासाठी आलेत, तुमच्या खोक्यासाठी नाही!"

"काहून बोंबलून राहिला बे? तुयी मागणी शेवटच्या माणसापर्यंत गेली पायजे ना? मंग मायी बी जाऊ दे."

शेवटी खोकं मंचामागच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसलं. गाणं सुरू झालं. शब्द बुडाले आणि उरली नुसती घरघर, थेट उभ्या एसटीच्या इंजिनासारखी. मागून कुणीतरी ओरडलं, "येष्टी लागली रे!" झालं! पिशव्या, पोरं, चपला उचलून सभा स्टँडकडे पळाली. गाडी आलेलीच नव्हती. माझं भाषण मी रिकाम्या मैदानाला ऐकवलं.

जागची हलली नाही ती एकटी मामी. मी तणतणत तिच्याकडे गेलो. मामा गळ्यात गिटार तशीच घेऊन, मान खाली घालून मागोमाग आला.

"सारे पळाले, तू काहून नाही उठली वं?" त्यानं मामीला विचारलं.

"गुंडातलं पाणी हालून राहिलं होतं. घरी हालते तसंच. येष्टीनं तसं नाही हालत. मले मालूम, हे तुमीच."

मामा गुंडात वाकून बघत बसला. तिकडे कालवा कोरडा, आणि हा माणूस गुंडात बघून हसत होता! मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

गेल्या साली मामा गेला. ऑर्केस्ट्रा त्याच्या आधीच मोडला होता. खोकं घरात कोपऱ्यातच आहे, त्यावर गुंड. परवा पत्रकांचे गठ्ठे ठेवायला मी ते जरा पुढे ओढू लागलो, तर मामीनं हात धरला.

"राहू दे बापू," ती म्हणाली, "तिथंच बरं वाजते."